टोचली खरी, पण उठली का?

(आजच्या भागाचं लेखी रूप. बोलता बोलता अडखळलो तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच आहे.)

आजचा भाग पुण्यातल्या खोलीतून नाही, घरून रेकॉर्ड केलाय. घर म्हणजे मुकुटबन, तालुका झरी जामणी, जिल्हा यवतमाळ. नकाशात शोधायचं असेल तर वणीहून आदिलाबादकडे जाणारी रेल्वेलाइन धरून खाली या, वाटेत सापडेल. पुढे पैनगंगा ओलांडली की तेलंगणा. कोळसा आणि सिमेंटचा पट्टा आहे, त्यामुळे मध्येच ट्रकचा आवाज येईल. ऐकणाऱ्यांनी सांभाळून घ्या, वाचणाऱ्यांना त्रास नाही.

विषय माझ्या काकांनी दिलाय. २०१८ मध्ये नागपुरात त्यांना काकूची किडनी बसवली. तेव्हापासून ते रोज सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळेला गोळ्या घेतात, मोबाइलमध्ये अलार्म लावून. परवा जेवताना त्यांनी मोबाइलवर कोविडचं जुनं सर्टिफिकेट उघडून दाखवलं. ‘पूर्ण लसीकरण झालं’ असं त्यावर इंग्रजीत लिहिलेलं. आणि म्हणाले, “हे सांगते का मले टोचलं. पण उठलं का नाही, हे कोण सांगन?”

‘उठलं’ हा शब्द आमच्या आजीचा. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकला नसेल, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आजीच्या दंडावर दोन गोल खड्डे आहेत, रुपयाच्या नाण्याएवढे. लहानपणी आम्हाला वाटायचं भाजलं असेल. ते देवीच्या लसीचे व्रण. (तुमच्या डाव्या दंडावर जो छोटा व्रण आहे तो देवीचा नाही, बहुतेक बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लसीचा. देवीची साथ आपल्या देशातून १९७५ मध्ये गेली आणि पुढे ती लसही बंद झाली.) आजी सांगते, टोचणारा माणूस एकदा येऊन टोचून जायचा आणि आठवड्याने परत यायचा. परत कशाला? तर दंड बघायला. टोचलेल्या जागी फोड आला, पिकला, खपली धरली, तर उठली. काहीच झालं नसेल तर नाही उठली, परत टोचा.

ही आठवड्याने दंड बघायची पद्धत फार जुनी. १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली, ती आपल्या देशातली पहिली. लस व्हिएन्नाहून बगदाद, बसरा असं करत आली होती. फ्रिज वगैरे काही नाही, त्यामुळे वाटेत ती जिवंत ठेवायचा एकच भरवशाचा उपाय : एकाच्या दंडावरच्या फोडातला द्रव काढून दुसऱ्याच्या दंडात टोचायचा. ॲनाची उठली, म्हणून तिच्या फोडातून पुढच्या मुलांना देता आली. तिची उठली नसती तर मुंबईत साखळी तिथंच तुटली असती. म्हणजे त्या काळात लस दिली आणि लस लागली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे टोचणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. डोळ्यांनी दिसायचं.

पुढे आलेल्या बहुतेक लसींमध्ये दंडावर काही दिसेनासं झालं. सुई टोचली, दोन दिवस हात दुखला, संपलं. आत रक्तात काय झालं ते कळत नाही. निरोगी माणसात बहुतेक वेळा काम होतंच, म्हणून आपण बघायचं सोडून दिलं. काकांचा प्रश्न इथं येतो, कारण त्यांच्या शरीरात काम ‘बहुतेक वेळा’ होत नाही. आणि ते तसं होऊ नये यासाठीच तर त्या गोळ्या आहेत.

हे नीट समजायला थोडा वेळ किडनीच्या इतिहासात जाऊ.

माणसाच्या शरीराला परकी वस्तू चालत नाही. जंतू असो की दुसऱ्याची किडनी, पांढऱ्या पेशींना दोन्ही सारखेच. १९५४ च्या डिसेंबरमध्ये बॉस्टनला डॉ. जोसेफ मरे यांनी पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण केलं. ते जमलं, कारण देणारा आणि घेणारा एकसारखे दिसणारे जुळे भाऊ होते. शरीराला फरकच कळला नाही. पण जुळा भाऊ किती जणांना असतो? बाकीच्यांसाठी काहीतरी औषध हवं होतं.

आता लक्ष देऊन ऐका, कारण माझ्या मते सगळा विषय या एका प्रयोगात आहे. १९५९ च्या सुमाराला बॉस्टनमध्येच रॉबर्ट श्वार्ट्झ आणि विल्यम डॅमशेक या दोघा रक्तविकारतज्ज्ञांनी सशांवर काम केलं. सशाला परक्या प्राण्याचं प्रथिन टोचलं की ससा त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतो. लसीमध्ये होतं तेच. त्यांनी सशांना त्यासोबत रक्ताच्या कर्करोगावरचं एक औषध दिलं, सिक्स-मर्कॅप्टोप्युरिन. सशांनी अँटिबॉडी बनवल्याच नाहीत. आजीच्या भाषेत, टोचली पण उठली नाही.

रॉय काल्न या तरुण इंग्रज सर्जननं हे वाचलं आणि विचार केला, जे औषध टोचलेलं उठू देत नाही ते परकी किडनीही टिकू देईल. त्याच औषधाचं सुधारलेलं रूप म्हणजे ॲझाथायोप्रिन. १९६० च्या दशकात त्याच्या आणि स्टेरॉइडच्या जोरावर जगभर किडनी बसवायला लागले.

समजलं ना? प्रत्यारोपणाचं पहिलं औषध निवडलंच गेलं ते लस निकामी करण्याच्या गुणावर. २०२१ मध्ये बातम्या आल्या की प्रत्यारोपण झालेल्यांना लस कमी लागते, तेव्हा लोकांना धक्का बसला. मला ते वाचून आश्चर्य याचं वाटलं, की धक्का का बसला? सशांनी ६० वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं.

आपल्याकडे पहिला प्रयत्न मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात झाला, १९६५ मध्ये, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या काळात. मृत व्यक्तीची किडनी बसवली होती, यश टिकलं नाही. देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोरला. १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन आलं. ते नॉर्वेच्या एका पठारावरच्या मातीतल्या बुरशीतून मिळालं. मग टॅक्रोलिमस, तेही जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतून. काका हे ऐकून म्हणाले, “आपल्या काळ्या मातीत कोणी पाहिलं का नाही?” उत्तर माझ्याकडे नव्हतं.

काकांच्या डब्यात टॅक्रोलिमस आहे, थोडं स्टेरॉइड आहे आणि तिसरी गोळी मायकोफेनोलेट. ही तिसरी गोळी आपल्या कथेतली खरी पात्र. तिचं मूळ द्रव्य इटलीतल्या बार्तोलोमेओ गोसिओ यांना १८९३ मध्ये खराब झालेल्या मक्यावरच्या बुरशीत मिळालं होतं, पण प्रत्यारोपणासाठी ते बाजारात आलं १९९५ मध्ये. करते काय ती? पांढऱ्या पेशींना दुप्पट-चौपट व्हायला जो कच्चा माल लागतो तो बनू देत नाही. लस टोचल्यावर नेमकं तेच व्हायला हवं असतं : जंतू ओळखणाऱ्या मूठभर पेशींनी भराभर वाढून फौज उभी करायची. गोळी ती फौज उभीच राहू देत नाही. किडनी वाचते ती याच कारणानं. त्यामुळे ‘मग लस घ्यायच्या आधी गोळी बंद करू’ असं घरच्या घरी कोणी ठरवू नका. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय गोळी चुकवणं म्हणजे काकूची किडनी पणाला लावणं.

किडनीच्या डॉक्टरांना हे कोविडच्या आधीपासून माहीत होतं, आणि कुठून माहीत होतं तेही सांगतो, डायलिसिसच्या वॉर्डातून. १९६० च्या दशकात डायलिसिस सुरू झालं आणि त्याच्यामागे हेपटायटिस बी म्हणजे एक प्रकारची कावीळ आली. रक्तातून पसरणारी. १९६९-७० ला एडिनबरामध्ये अशी साथ आली की रुग्णांबरोबर तिथले कर्मचारीही दगावले. १९८० च्या दशकात लस आली तेव्हा वाटलं, प्रश्न मिटला. पण किडनी निकामी झाली की प्रतिकारशक्ती तशीच मंदावते. नेहमीच्या मात्रेनं या रुग्णांमध्ये लस नीट लागेना. मग पद्धत बदलली : मात्रा दुप्पट, तीनऐवजी चार डोस, आणि शेवटी रक्त तपासून ‘टायटर’ बघायचा. दहाच्या वर आला तर लागली, नाही तर परत.

परत टोचा! म्हणजे आजीच्या दंड बघणाऱ्या माणसाचीच पद्धत, फक्त दंडाऐवजी लॅबचा कागद.

काकांनी प्रत्यारोपणाच्या आधी डायलिसिसवर असताना हे चारही डोस घेतलेत. पहिल्यांदा टायटर कमी आला, परत दिले, मग वर गेला. आपल्याकडे हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं १९९७ मध्ये ही लस देशात बनवून स्वस्त केली, त्याचा फायदा काकांसारख्यांना झाला. आधी घ्यायचं कारण साधं. प्रत्यारोपणानंतर गोळ्या सुरू झाल्या की दार अर्धं बंद होतं. म्हणून कोणाच्या घरात किडनीसाठी थांबलेलं माणूस असेल, तर लसींची यादी ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांकडून विचारून घ्या. गोवर, कांजिण्यांसारख्या जिवंत विषाणूच्या लसी तर प्रत्यारोपणानंतर सहसा देतच नाहीत. देवीच्या लसीनं हा धडा दिला होता. त्यातला विषाणू जिवंत असायचा आणि ज्या मुलांत प्रतिकारशक्तीच नव्हती त्यांची टोचलेली जागा भरायची नाही, पसरत जायची.

आता कोविड.

२०२० मध्ये लस नव्हती. त्या वर्षी देशातल्या १२ केंद्रांमधल्या २५० किडनी प्रत्यारोपण झालेल्या कोविड रुग्णांची नोंद नंतर प्रसिद्ध झाली, त्यात ११.६ टक्के रुग्ण दगावले होते. आमच्या घरात त्या वर्षी काका मागच्या खोलीत आणि आम्ही पुढच्या. काकू ताट उंबऱ्यावर ठेवायची.

१६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं. या लसींच्या मोठ्या चाचण्यांमध्ये प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणारे लोक घेतलेच नव्हते. म्हणजे लस सगळ्यांसाठी निघाली तेव्हा काकांसारख्यांसाठीचा आकडाच कोणाकडे नव्हता. तो पहिल्यांदा आला मार्चमध्ये, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून. अवयव प्रत्यारोपण झालेल्या ४३६ जणांना एमआरएनए लसीचा पहिला डोस दिल्यावर फक्त ७६ जणांच्या रक्तात अँटिबॉडी दिसल्या. १७ टक्के. मे महिन्यात दोन डोसचा आकडा आला : ६५८ पैकी ५४ टक्के. त्यातही मायकोफेनोलेटच्या जातीची गोळी घेणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांना दोन डोसनंतरही काहीच नाही, न घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण १८ टक्के. निरोगी माणसांत दोन डोसनंतर जवळपास सगळ्यांनाच अँटिबॉडी येतात, हे शेजारी ठेवून बघा.

फ्रान्सनं वाट बघितली नाही. एप्रिल २०२१ मध्येच तिथं अशा रुग्णांना तिसरा डोस द्यायचं ठरलं. तुलूझ शहरातल्या १०१ रुग्णांचा हिशेब जूनमध्ये छापून आला. दुसऱ्या डोसच्या वेळी अँटिबॉडी असलेले ४ टक्के, तिसऱ्याच्या वेळी ४०, आणि तिसऱ्यानंतर महिन्याभरात ६८. परत टोचल्यावर उठली! सगळ्यांची नाही, तिघांतल्या एकाची तरीही नाहीच. ऑगस्टमध्ये अमेरिकेनं, सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला ब्रिटनच्या समितीनं आणि ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी अशा लोकांना जादा डोस द्या असं सांगितलं.

आता याच कॅलेंडरवर मुकुटबन ठेवतो.

फेब्रुवारी २०२१ : दुसरी लाट विदर्भातच आधी उठली, यवतमाळ, अमरावती, अकोल्यात निर्बंध लागले. १ मार्च : ४५ ते ५९ वयाच्या आजारी लोकांना लस खुली. सरकारनं २० आजारांची यादी दिली होती आणि तिच्यात किडनी प्रत्यारोपण स्पष्ट लिहिलेलं होतं. काका यादी वाचून खूश. पण काकांचं वय ४३. दोन वर्षं कमी पडली. साठीचा निरोगी माणूस आत, पंचेचाळिशीचा मधुमेही आत, आणि दुसऱ्याच्या किडनीवर जगणारा ४३ वर्षांचा माणूस बाहेर. १ मेला १८ च्या वरच्यांना दार उघडलं, पण साठा नव्हता म्हणून महाराष्ट्रात मेच्या मध्यातच या गटाचं लसीकरण थांबवलं. परत सुरू झालं जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. काकांचा पहिला डोस, कोविशिल्ड, त्या शेवटच्या आठवड्यातला. म्हणजे साधारण तुलूझचा तिसऱ्या डोसचा हिशेब छापून आला तेव्हा.

दोन डोसमधलं अंतर तोवर १२ ते १६ आठवडे झालेलं. काकांसारख्यांसाठी वेगळं अंतर नव्हतं. दुसरा डोस सप्टेंबरच्या शेवटी. तिसरा? आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात प्रत्यारोपणवाल्यांसाठी वेगळा तिसरा डोस आलाच नाही. जानेवारी २०२२ मध्ये ‘प्रिकॉशन डोस’ आला तो आरोग्य कर्मचारी, फ्रंटलाइन आणि ६० च्या वरच्या आजारी लोकांना. बाकीच्यांना १० एप्रिलपासून, पण खासगी केंद्रात पैसे भरून, आणि दुसऱ्या डोसला नऊ महिने झाले असतील तर. १५ जुलैपासून ७५ दिवस तो फुकट झाला, तेव्हा काकांनी वणीला जाऊन घेतला. फ्रान्सनं ठरवल्यापासून सव्वा वर्षानंतर.

मधल्या काळात, जानेवारी २०२२ मध्ये, काकांना कोविड झाला. ११ दिवस ॲडमिट. डॉक्टरांनी मायकोफेनोलेट काही दिवस थांबवलं, कारण आता शरीराला फौज हवी होती. क्रिएटिनिन १.३ चं १.९ झालं आणि उतरून १.५ वर थांबलं, आजतागायत तिथंच आहे. तिसरा डोस वेळेत मिळाला असता तर हे टळलं असतं का? तसं मी म्हणणार नाही, एका माणसावरून ते ठरत नाही. आणि मी वर दिलेले आकडे एमआरएनए लसींचे आहेत, काकांनी घेतली ती वेगळ्या जातीची.

सरकारच्या बाजूनंही बोललं पाहिजे. २०२१ च्या उन्हाळ्यात पहिल्या डोससाठी पहाटे पाचला रांगा होत्या, तेव्हा कोणाला तिसरा कसा द्यायचा? पटतं. पण वर्षाअखेरीस तो प्रश्न राहिला नव्हता, आणि हे लोक देशभरात मिळूनही थोडे. शिवाय ते यादीत आधीच होते! मार्चमध्ये ज्यांना ‘जास्त धोका’ म्हणून आधी बोलावलं, त्यांनाच लस कमी लागते हे मेमध्ये कळल्यावर यादीचा दुसऱ्यांदा उपयोग झाला नाही. मला राग आहे तो याचा. लसीकरणाची मोजणी किती टोचल्या यावर चालली. १०० कोटी झाल्या, २०० कोटी झाल्या. ते मोठंच काम होतं. पण त्या मोजणीत काकांचे दोन आणि माझे दोन सारखेच धरले गेले.

काकांनी दुसऱ्या डोसनंतर एका लॅबमध्ये स्वतःहून अँटिबॉडी तपासली होती. रिपोर्ट ‘निगेटिव्ह’. घरात त्या दिवशी कोणी जेवलं नाही. आता वाचल्यावर कळतं की त्या एका कागदावर एवढं हादरायला नको होतं. कावीळच्या लसीत दहाचा आकडा ठरलेला आहे, कोविडमध्ये किती असल्या की पुरे हे ठरलं नव्हतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तर मे २०२१ मध्येच सांगितलं होतं की लस लागली का हे ठरवायला या चाचण्या वापरू नका. दुसरं म्हणजे अँटिबॉडी ही एकच फौज नाही. टी पेशी वेगळ्या असतात, त्या साध्या चाचणीत दिसत नाहीत, आणि अँटिबॉडी नसलेल्यांपैकी काहींमध्ये त्या तयार झालेल्या असतात. म्हणून ‘लागणारच नाही तर कशाला घ्यायची’ हा हिशेब चुकीचा.

हे सगळं मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे मले माहीत नाही, तुले माहीत नाही, डॉक्टरलेही पक्कं माहीत नाही.” काकू ताटं उचलता उचलता म्हणाली, “म्हणूनच तर घरातल्या सगळ्याइले टोचून घ्यायले लावलं ना मी.” खरंय, २०२१ मध्ये आमच्याकडे सगळ्यात आधी आजीनं लस घेतली, मग काकूनं. नंबर लागला तसा प्रत्येकानं. त्यांची उठणार होती. काकांभोवती उठलेल्यांचं कुंपण, एवढंच घराच्या हातात होतं. फ्लूची लसही काका आणि काकू दोघं दरवर्षी घेतात, इंजेक्शनवाली. नाकात मारायची जिवंत विषाणूची असते, ती काकांना चालत नाही.

कुंपणातही एक फट निघाली. माझ्या बहिणीचं बाळ सध्या इथंच आहे, चार महिन्यांचं. पोलिओचे तोंडातून द्यायचे थेंब आणि रोटाव्हायरसची लस दोन्ही जिवंत विषाणूच्या, आणि बाळाच्या शीतून तो विषाणू काही आठवडे बाहेर पडतो. बाळाला डोस द्यायचाच, त्यात प्रश्न नाही. नागपूरच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. ठरलं असं : लंगोट काकांनी बदलायचा नाही, बाकीच्यांनी बदलल्यावर साबणानं हात धुवायचे, आणि काही दिवस बाळ काकांच्या खोलीत झोपणार नाही. काकांना ही शेवटची अट मान्य नाही, त्यावरून काल संध्याकाळी बरीच वादावादी झाली. रेकॉर्डिंगमध्ये मागे जो रडण्याचा आवाज येतोय तो त्याच बाळाचा.

पुढच्या भागात परळला जाऊ, हाफकिन संस्थेत. प्लेगच्या लसीची गोष्ट आहे, आणि ती लस पहिल्यांदा कोणाच्या अंगात टोचली त्याची.